खुणेचा दगड

मुलगा म्हणाला, "माय, जातच हायस तर दगडापासून समाधीपर्यंत पावलं मोजून ये. गवंडी इचारतोय."

मी बरं म्हणाले.

समाधी माझ्या मालकांची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही लिंगायत वाणी. गावात किराणा दुकान आहे आणि तळ्यापलीकडे थोडं शेत आहे. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून पुरतात. मालकांना त्या शेतात, डोंगराच्या उतारावर बसवलं. जागा त्यांनीच हयातीत दाखवून ठेवली होती. त्यांच्या डाव्या हाताला आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडली आहे, ती माझी. मुलानं तिच्या चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले आणि वर चुना टाकला. मी तिथं उभी राहून बघत होते. मला काही वाटलं नाही.

मला काही वाटत नाही, हीच लोकांची तक्रार आहे. मालक गेले त्या दिवशी मी रडले नाही. आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. नणंद त्यांना म्हणाली, "धक्का बसलाय. आठ दिवसांनी फुटंल बघा." आठ दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. मी काही फुटले नाही. नणंदेनं मग येणं कमी केलं. मी दुकानात बसते, साखर जोखते, भाकरी खाते, झोपही लागते. आत दुःख कोंडलंय असं म्हणावं तर तेही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आहे. दुखत नाही. मग डॉक्टरला तरी काय सांगायचं?

आता दगडाचं सांगते. आमच्या तळ्याची भिंत वाढवायचं ठरलं आहे. भिंत वाढली की पाणी डोंगराच्या अंगाला आणखी वर चढणार. ते कुठवर चढेल हे बघायला दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसं दुर्बीण घेऊन आली आणि उतारावर ओळीनं खुणेचे दगड टाकून गेली. दगड पांढरे रंगवलेले, त्यावर तांबड्या रंगात आकडा. दगडाच्या खालचं ते पाण्यात जाणार, वरचं ते कोरडं राहणार. गेल्या श्रावणात मुलगा मला घेऊन समाधीवर गेला होता, तेव्हा त्याला दगड समाधीच्या खालच्या बाजूला दिसला. तिथंच म्हणाला, "माय, दादा वाचले." वडलांना तो दादा म्हणतो. मेलेला माणूस वाचला म्हणून त्यानं दुकानात पेढे वाटले.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात चौथरा बांधायचं आलं. वर घुमटी, पुढं नंदी. नंदी सांगून झाला, गवंडी ठरला. एवढ्यात नोटीस आली. मी चौथी शिकलेली आहे, ती मी दोनदा वाचली. ज्यांची झाडं, विहिरी, समाध्या खुणेच्या आत येतात त्यांनी मुदतीत लिहून द्यावं, म्हणजे काय हलवायचं ते ठरवता येईल, असं होतं. मुदतीला चार दिवस उरले होते. मुलगा म्हणाला, आपल्याला काय त्याचं, आपण वर आहोत. गवंड्याला फक्त पायासाठी पाणी किती लांब राहील ते हवं होतं. म्हणून पावलं.

तिकडे मी जाणारच होते. संक्रांत झाली की दर वर्षी आम्ही तिघी तळ्याला वळसा घालून डोंगरावर जातो. एक मनियारीण, बांगड्या भरणारी. युसूफ वडगावच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली आहे. आता बाजार तिची सून करते, पण डोंगरावर मात्र हीच जाते. दुसरी धनगरीण. तिच्या मुलांचा मेंढरांचा वाडा डोंगरावर असतो. वाड्यावरच्या बायकांना संक्रांतीत मेंढरं सोडून गावात येता येत नाही, म्हणून मनियारीण बांगड्या घेऊन वर जाते, धनगरीण वाट दाखवते, आणि मी तीळगूळ घेऊन मागं चालते. वाट आता तिघींनाही पाठ आहे. पण पहिल्या वर्षी तसं ठरलं आणि ते मोडायचं कुणाला सुचलं नाही.

सकाळी गार होतं. ज्वारी हुरड्याला आली होती, धाटांवर दहिवर होतं. मनियारणीनं डोक्याला मफलर गुंडाळला होता, मुलाचा असावा. बांगड्यांची पिशवी तिनं पोटाशी धरली होती.

"ही भिंत मपली हाय," तळ्याच्या भिंतीवर चढताना धनगरीण म्हणाली. दर वर्षी म्हणते. दुष्काळात हे तळं झालं तेव्हा तिनं इथं माती वाहिली होती.

"मग वाढवायला बी तुलाच बोलवत्याल," मनियारीण म्हणाली.

"बोलवू द्या. डोस्क्यावर पाटी बसती अजून."

"पाटी बसंल गं. तू खाली बसलीस तर उठशील का?"

"तुझ्याआधी उठंन."

भिंतीवरून पाणी स्वच्छ दिसत होतं. मधल्या भागात पाणकोंबड्या होत्या. काठानं मोटारींचे पाइप पाण्यात सोडलेले. जुनी वाट याच पाण्याखाली आहे. तळं नव्हतं तेव्हा आमच्या शेतात जायला अर्धा तास लागायचा. आता सांडवा ओलांडायचा, डोंगराला चढायचं, धारेनं जायचं आणि पलीकडे उतरायचं. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळता परत येतो. फटफटी जात नाही.

"वाणीण," मनियारीण चालता चालता म्हणाली, "चौथरा झाला की मग तरी रडशील का?"

"चौथरा बघून कावून रडू?"

"पोरगं एवढं करतंय. जरा डोळ्याला पदर लावायचा. काय जातंय?"

"तुला रडायचं तर तू रड."

"मी रडले की मपल्या म्हाताऱ्यासाठी. महिनाभर रडले. मग आठवलं, लई मारायचा. मग थांबले."

धनगरीण हसून हसून वाटेतच बसली. मनियारीण म्हणाली, "बघ, बसली. आता उठीव तिला." आम्ही दोघींनी धरून उठवली.

वाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मेंढरं चरायला गेली होती, वाघरीच्या जाळीत नुसती कोकरं होती. बायकांनी चहा केला. मनियारीण मांडी घालून बसली आणि एकेकीचा हात ओढून घेऊन दाबून दाबून बांगड्या भरायला लागली. हात दाबताना ती बोलत राहते, म्हणजे बाईचं दुखण्याकडे लक्ष जात नाही. कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या सासूचं, काहीही बोलते. सगळ्यांचं झाल्यावर सवयीनं तिनं माझाही हात ओढला, अंगठ्याखालचं मांस दाबून बघितलं आणि सोडून दिला. मालक गेल्यापासून दर वर्षी ती हे करते.

मी तीळगूळ वाटला. एका सुनेनं पिशवीभर बोरं दिली. ती खात आम्ही शेताकडे उतरलो.

आमचं शेत यंदा पडीक होतं. वरच्या बांधाला बोरीचं झाड, मधे समाधी, खाली लिंब. समाधी म्हणजे अजून मातीचा उंचवटाच. वरून रचलेले दगड आणि त्यावर वाळलेला बेल. लिंबाखाली मला पांढरा दगड दिसायला हवा होता, तो दिसेना. तिथं तांबडा भडक दगड होता. शेंदूर लावलेला. पुढं नारळाची करवंटी, अगरबत्तीच्या काड्या, फुटक्या बांगडीचे दोन तुकडे.

धनगरणीनं लांबूनच चप्पल काढली. जवळ जाऊन डोकं टेकवलं.

"ह्यो कंचा देव?" मी विचारलं.

"म्हसोबा."

"इथं कुठं होता म्हसोबा?"

"मीच बसवलाय की." ती खूश होती. "पडला होता बिचारा. गेल्या उन्हाळ्यात आमची मेंढरं हितं बसवायला आनली, तवा मेंढरं त्याच्यावरून उड्या मारीत व्हती. म्हनलं देव पायदळी येतोय. धाकट्याला सांगून हितं आनला, लिंबाच्या सावलीला उभा केला. दसऱ्याला शेंदूर लावला. तवापासून एक कोकरू दगावलं न्हाई, इचार वाड्यावर."

मी दगडापुढं बसले आणि नखानं शेंदूर खरवडायला लागले.

"ए! ए! काय करतीस, भवाने! देव हाय!"

शेंदूर जाड होता, तेलात कालवून लावलेला. खाली पांढरा रंग निघाला. त्यावर तांबडा एक आणि सात. सतरा.

"ह्याच्यावर आकडा हाय," मी म्हणाले.

"मला काय ठावं आकडा का कुंकू. तांबडं व्हतं."

"उचलला कुठून होता?"

धनगरणीनं हात केला. हात समाधीवरून वर गेला, बोरीच्या झाडापाशी थांबला.

मनियारीण बोर चावत होती, ती थांबली. तिच्या लक्षात आधी आलं. ती हळूच म्हणाली, "या अल्ला."

"काय झालं?" धनगरीण म्हणाली.

मी वर चढायला लागले. गुडघे दुखत होते, पण थांबले नाही. बोरीच्या बुडाशी वितभर खळगा होता, कडेला पांढऱ्या रंगाच्या खपल्या. डाव्या हाताला थोड्या अंतरावर, बांधापलीकडे, एक पांढरा दगड उभा होता. मी जाऊन वाचला. सोळा. मग उजव्या हाताला गेले. तिकडे अठरा. सोळा आणि अठरा दोन्ही वर होते, सतराच तेवढा खाली लिंबाखाली म्हसोबा होऊन बसला होता. मुलगा आला तेव्हा त्यानं सोळा बघितला नाही, अठरा बघितला नाही. त्याला एक दगड खाली हवा होता, तो त्याला मिळाला. मीही त्याच्यासोबत होते त्या दिवशी. मीही नाही बघितला. पेढे मीही खाल्ले.

खळग्यापासून समाधीपर्यंत मी पावलं मोजत उतरले. बत्तीस. गवंड्याला पावलं हवी होती, ती मिळाली, फक्त उलट्या बाजूनं.

धनगरणीला मनियारणीनं तोवर सगळं समजावलं होतं. ती समाधीजवळ उकिडवी बसली होती, चेहरा उतरला होता.

"मी बुडवलं गं त्यांस्नी," ती म्हणाली.

"तू कशानं बुडवशील? पाणी बुडवणार हाय. तू दगड हालवला नसता तरी बुडालेच असते."

"पर तुला आधी कळलं असतं."

ते खरं होतं. मी नाही म्हणाले नाही.

"हे गुन्ह्यात येतं का गं? सरकारी दगड हाय. मला धरून नेत्याल?"

"तुला नेऊन ठिवत्याल कुठं? जेलात मेंढरं न्हाईत," मनियारीण म्हणाली.

"तू गप. वाणीण, एक कर. कुनाला सांगूच नगं. दगड खाली हाय, खालीच राहू दे. गवंड्याला सांग पंधरा पावलं. बांधू दे चौथरा."

"आनि पानी दगड बघून चढतंय व्हय? म्हसोबा हाय म्हनून थांबंल?" मनियारीण म्हणाली.

"थांबंल बी. तुला काय ठावं."

"मग पानी चढलं की तूच उचलून ने त्याला, मेंढरासंगं."

दोघी भांडायला लागल्या. मी धपाटे काढले. भूक लागली होती. बसायला सपाट जागा हवी होती, ती एकच होती, चार धोंड्यांच्या मधली. चुना पावसानं गेला होता. मी तिथं बसले आणि फडकं सोडलं.

भांडण एकदम थांबलं.

"ऊठ तिथनं," धनगरीण म्हणाली.

"कावून?"

"जित्या माणसानं तिथं बसू नगं. ऊठ म्हनते ना."

"मपली जागा हाय. बसून तर बघू दे."

बसून बघितलं. डाव्या बाजूला उतार आहे, पाठीला एक खडा टोचतो. समोर सगळं तळं दिसतं, पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे गावातल्या पाण्याच्या टाकीचं टोक. उजव्या हाताला मालक. शेजारी शेजारी असे आम्ही कधी बसलो होतो, आठवेना. दुकानात ते गल्ल्यावर आणि मी आत पोत्यांपाशी असायची. लग्नात बसलो असू.

मनियारीण माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं धपाट्याचा तुकडा मोडला. "तुमचं मला कधी समजलं न्हाई," ती म्हणाली. "आमी निजवतो. दमलेला माणूस हाय, निजू दे. तुमी मेल्यावर बी बसवून ठिवता. वाण्याचा मेला तरी दुकानावरच."

धनगरणीला हसू आलं, पण तिनं तोंड पदरात लपवलं. मी हसले. हसू मला येतं, ते कधी गेलं नव्हतं.

"हात बी पुढं धरायला लावता," मनियारीण म्हणाली. "सुटे द्या म्हनून."

"हातात लिंग असतंय गं."

"ठावं हाय. बघितलंय मी. मी आलते की."

ती आली होती. धनगरीणही आली होती. मला तो दिवस पाठ आहे, मी एक गोष्टही विसरलेले नाही. मालकांना खड्ड्यात उतरवलं, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मग भस्म आणि मीठ टाकायला सुरुवात केली, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. छातीपर्यंत आल्यावर त्यांची मान उजवीकडे कलली. जंगमस्वामींनी खाली वाकून ती सरळ केली. ती परत कलली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागायची, तेव्हा मान अशीच उजवीकडे कलायची. मी वरून बघत होते आणि माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, अहो, गिऱ्हाईक आलंय. म्हणाले नाही. लोकांनी वेडी ठरवलं असतं. मग मीठ गळ्यापर्यंत आलं आणि मान त्यात रुतून तशीच राहिली.

त्यानंतर मला काही झालेलं नाही.

"मग काढायचं त्यांस्नी," धनगरीण आता कामाचं बोलायला लागली. "माझी दोन्ही पोरं येत्याल. कुदळ, टिकाव हाय. एका दिवसात काढत्याल. गावाजवळ नेऊन बसवा परत. माझ्यानं झालंय तर मपल्या घरानं निस्तरावं."

"काय राहिलं आसंल आता? तीन वर्सं झाली," मनियारीण म्हणाली.

"हाडं राहत्यात."

"हाडं बसत्यात का?"

धनगरणीनं तिला कोपरानं ढोसलं. पण तिनं विचारलं ते बरोबर होतं. हाडं बसत नाहीत. ती गोळा करून फडक्यात बांधावी लागतील. मान कलायला मानच नसेल. मी धपाटा खात होते आणि याचाच विचार करत होते. काढायचे, तर मला उभं राहावं लागेल. मी बायको आहे, मला मागं राहता येणार नाही. सगळे खड्ड्यात बघतील आणि मग माझ्या तोंडाकडे बघतील. नणंदही येईल. आणि एवढं सगळं बघूनही मला काहीच झालं नाही तर? आज मी म्हणू शकते की माती आहे, मातीला बघून काय व्हायचं. ते बाहेर काढल्यावर मला तसं म्हणता येणार नाही.

हे मी त्या दोघींना सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "काढायचं न्हाई."

"म्हंजे? पान्यात?"

"हो."

"तुझी जागा?" मनियारीण म्हणाली. तिनं मी बसले होते त्या जागेकडे बोट केलं. "ती बी पान्यात."

"ती ऱ्हाईली न्हाई म्हणायचं."

तिनं माझा हात हातात घेतला, सकाळसारखा. या वेळी दाबून बघितला नाही. नुसता धरला. मग तिला तिचंच अवघड झालं असावं, तिनं त्यात चार बोरं ठेवली.

फोनला शेतात आवाज येत नाही. डोंगराच्या धारेवर एक सपाट खडक आहे, तिथं येतो. परत जाताना वाट तिथूनच जाते. चढायला आम्हाला फार वेळ लागला. धनगरीण सगळ्यात पुढं जाते ती त्या दिवशी मागं राहिली. खडकावर पोचलो तेव्हा दिवस कलायला लागला होता, खाली तळं पिवळं दिसत होतं. मी मुलाला फोन लावला. मागं दुकानात कुणीतरी शेंगदाणे मागत होतं.

"मोजली का पावलं?"

"मोजली. दगड खाली नव्हता. मुळात वर होता, बोरीपाशी. जनावरांनी पाडला आन् घरंगळत खाली आला." धनगरीण माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. "सोळा आन् अठरा वर हायत. मी वाचले."

"म्हंजे?"

"म्हंजे दादा आत येत्यात."

तो गिऱ्हाइकाला म्हणाला, थांबा जरा. बाहेर आला असावा, रस्त्याचा आवाज यायला लागला.

"मुदत चार दिवस हाय," तो घाईनं बोलायला लागला. "आजच लिहितो. जंगमस्वामींना इचारतो, मुहूर्त काढू. माणसं बघतो. काढू आपन त्यांना, माय. गावाजवळ आनू. नंदी तितं बसवू. तू काळजी करू नगस."

"काढायचं न्हाई."

"कावून?"

"मला बघायचं न्हाई."

"तू येऊ नगस ना. आमी काढतो."

"तू बी बघू नगस," मी म्हणाले. "तू त्यांना बसलेलं बघितलंस. बास तेवढं."

फोनमधून ऐकू आलं, एक ट्रॅक्टर गेला.

"पान्याखाली ठिवायचं का त्यांना?"

"मातीखाली हायत. पाणी त्याच्या वर येईल. लिहून दे, समाधी एक, हालवायची न्हाई. मी सही करते. बायकोची चालती."

"लोक काय म्हनत्याल?"

"म्हणत्याल ते. मला म्हणत्याल. मला सवय हाय."

"आनि तुझं?" त्याचा आवाज बदलला होता. "तुझी जागा बी तितंच हाय की गं."

"मपलं गावाजवळ कर. ओढ्याच्या काठाला आपल्या लोकांची जागा हाय, तिथं. एवढ्या लांब लोकांना उन्हातान्हात चालवू नगस."

"एकटीच?"

"एकटी कशानं? तुझी आजी हाय की तिथं."

"तुमचं पटत नव्हतं."

"आता कुठं बोलणार हावोत आमी."

मला वाटलं तो हसेल. सुरुवात हसल्यासारखीच झाली. मग कळलं की तो रडतोय. पन्नाशीचा माणूस, दुकानाच्या दारात, गावाच्या रस्त्यावर उभा राहून. फोन ठेवावा असं वाटलं नाही. त्याच्या वडलांच्या वेळी तो असाच रडला होता. तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होते. तेव्हाही ऐकत होते.

"काय म्हनतोय?" मनियारणीनं विचारलं.

"रडतोय."

"रडू दे," ती म्हणाली आणि खडकावर बसली. धनगरीणही बसली. त्या दिवशी कुणी कुणाला उठवायची चेष्टा केली नाही.

मी कानाला फोन लावून उभी राहिले. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या कानाला लावला.

"माय," तो म्हणाला, "हायस का?"

"हाय."

"गप झालीस म्हनून इचारलं."

"ऐकतेय," मी म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय, त्याला शेंगदाणे दे आधी. आमी निघालोत."